फोटोतली भोकं आणि चिकाची जाळी

उन्हाळा आला की आमच्या शिरूरला अजूनही काही गच्च्यांवर कुरडया वाळत पडलेल्या दिसतात. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून गाळून सत्त्व खाली बसू द्यायचं आणि वरचं पाणी अलगद ओतून द्यायचं. उकळत्या पाण्यात मीठ-हिंग घालून त्याचा चिक शिजवायचा. गरम असताना तो सोऱ्यातून उतरतो, गार झाला की थरथरत घट्ट बसतो. ज्यांनी तो वाटीत घेऊन तेल घालून खाल्ला आहे त्यांना मी काय म्हणते ते लगेच कळेल. वाळलेली कुरडई तेलात टाकली की फुलते आणि तिच्यात शेकडो बारीक भोकं पडतात. ती भोकं चिकात नव्हती, ती कढईत पडली. उरलेल्या ओलाव्याची वाफ झाली आणि बाहेर पडताना तिने जागा करून घेतली.

आता कुणी तळलेल्या कुरडईचा मोठा करून फोटो काढला, त्यातली भोकं मोजली आणि लिहिलं की गव्हाच्या चिकात सरासरी अमुक आकाराची भोकं असतात, तर आपली आजीसुद्धा हसेल. पण शरीराचे अवयव दुरुस्त करण्यासाठी जी जेलं तयार करतात, त्यांच्यावरच्या कितीतरी निबंधांत जवळजवळ हेच चाललेलं असतं आणि कुणी फारसं हसत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, की फोटोवरून काढलेला आकडा छापायचा असेल तर फोटो ओल्या जेलचा की वाळवलेल्या, वाळवलं कसं आणि भोकाची हद्द ठरवणारी रेघ कुणी मारली, हे त्याच आकड्याशेजारी छापलं पाहिजे. ते नसेल तर तो आकडा वाचू नये.

म्हणाल, बाई, तुम्ही मराठी आणि भूगोल शिकवणाऱ्या, तुम्हाला हे नसते उद्योग कुणी सांगितले? सांगते. माझी भाची पुण्यात एका प्रयोगशाळेत पीएच.डी. करते आहे. तिचा विषय समुद्री शेवाळापासून काढलेल्या जेलचा. ती दिवाळीत चार दिवस राहायला आली तेव्हा लॅपटॉपवर फोटो घेऊनच आली होती. करडे, खोल, मधमाश्यांच्या पोळ्यासारखे सुरेख फोटो. मी म्हटलं, "किती गं सुबक आहे हे जेल!" तर ती म्हणाली, "मावशी, हे जेल नाहीये. जेलमधून बर्फ निघून गेल्यावर जे उरलं ते आहे." त्या एका वाक्यावर आमच्या दोघींच्या तीन रात्री गेल्या.

आधी जेल म्हणजे काय ते सांगते. साखरेच्या कणांची लांबच लांब माळ असते, तिला बहुशर्करा म्हणतात, इंग्रजीत पॉलिसॅकराइड. अशा माळा एकमेकींत अडकल्या, मधे मधे गाठी बसल्या की जाळी होते आणि ती जाळी आपल्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवते. पाणी वाहत नाही आणि वस्तू कोरडीही नाही, अशी ती स्थिती. आपल्या स्वयंपाकघरात ही मंडळी भरपूर. भिजवलेल्या सब्जाभोवतीचं आवरण, इसबगोल, भेंडीचा चिकटपणा, पेरूच्या जेलीतलं पेक्टिन, फालुद्यासाठी आणतो ते चायना ग्रास. चायना ग्रास म्हणजे अगार, समुद्री शेवाळातली बहुशर्करा. जंतू वाढवायला अगार वापरावा ही कल्पना १८८१ साली जर्मनीत फॅनी हेस या बाईंनी सुचवली. त्यांचे यजमान रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत होते आणि तिथे जिलेटीन उन्हाळ्यात पातळ होत असे. बाईंच्या स्वयंपाकघरातली जेली मात्र उन्हाळ्यातही टिकायची. आज जगातल्या प्रत्येक पॅथॉलॉजीच्या बशीत अगार आहे. कॉख यांनी १८८२ मध्ये अगारचा उल्लेख केला, पण या पतिपत्नीचं नाव घातलं नाही. असो.

आमच्या भागातलंच एक उदाहरण देते. शिरूर-दौंड हा उसाचा पट्टा. तोडलेला ऊस दोन-तीन दिवस उन्हात पडून राहिला तर कारखान्याला का नको असतो, हे इथल्या कुणालाही विचारा, उतारा घटतो म्हणून सांगतील. पण आणखी एक कारण आहे. शिळ्या उसात ल्युकोनॉस्टॉक नावाचे जंतू वाढतात आणि साखर खाऊन डेक्स्ट्रान नावाची चिकट बहुशर्करा बनवतात. रस बुळबुळीत होतो, गाळायला त्रास होतो, साखरेचा दाणा चौकोनी न होता लांबट होतो. स्वीडनमध्ये बीटच्या रसात हीच पीडा होती. १९४० च्या दशकात उप्साला इथल्या शास्त्रज्ञांनी त्या बुळबुळीतूनच रक्तस्राव झालेल्या रोग्याला शिरेतून देण्याचं द्रव्य तयार केलं. पुढे १९५९ मध्ये त्याच डेक्स्ट्रानच्या माळांना गाठी मारून सेफाडेक्स नावाचं जेल आलं, ते रेणू आकाराप्रमाणे वेगळे करायला वापरतात. कारखान्याची डोकेदुखी आणि दवाखान्याचं औषध एकच निघालं. (भाचीला हे माहीत नव्हतं. ते मी तिला सांगितलं, एवढं श्रेय मला द्या.)

आता या जेलांचा अवयवांशी काय संबंध? दोडक्याचा वेल मांडवावर चढतो, तशा पेशींना चढायला मांडव लागतो. भाजलेली कातडी, झिजलेली कूर्चा, तुटलेलं हाड, इथे पेशी सोडून उपयोग नाही, त्यांना धरायला काहीतरी हवं आणि काम झाल्यावर त्या मांडवाने विरघळून जायला हवं. रॉबर्ट लँगर आणि जोसेफ व्हॅकांटी यांनी १९९३ मध्ये 'सायन्स'मध्ये या विषयाची मांडणी केली, तेव्हापासून टिश्यू इंजिनिअरिंग हे नाव सगळीकडे झालं. मांडवासाठी बहुशर्करांची जेलं आवडीची, कारण आपल्या शरीरातही पेशींच्या मधे तसलाच ओला, शर्करायुक्त मसाला भरलेला असतो.

मला या विषयाची ओढ लागली त्याला घरचं कारण आहे. यांना मधुमेह. पाच वर्षांपूर्वी पायाला साधी चप्पल लागली आणि ती जखम आठ महिने चालली. शेवटी एक बोट काढावं लागलं, पाय वाचला. त्या आठ महिन्यांत पट्टी बदलायचं काम माझं होतं. मधे काही आठवडे डॉक्टरांनी शेवाळाची, म्हणजे कॅल्शियम अल्जिनेटची पट्टी दिली होती. ती कापसासारखी कोरडी दिसते आणि जखमेतल्या पाण्याशी गाठ पडली की जेल होते. जखमेतलं सोडियम आत जातं, पट्टीतलं कॅल्शियम बाहेर येतं आणि धागे फुगतात. काढताना ती ओढली जात नाही, सलाइनने धुतली की निघून येते. यांना त्या दिवसांत कमी दुखायचं, एवढं मी पाहिलं. त्या काळात मी जखमांच्या नवनव्या औषधांबद्दल आंतरजालावर जे मिळेल ते वाचत असे. जिथे तिथे तोच पोळ्यासारखा फोटो आणि खाली 'अत्यंत सच्छिद्र रचना'. रात्री दोन वाजता रोग्याच्या उशाशी बसलेल्या माणसाला तो फोटो फार आशा देतो. म्हणून तो फोटो कशाचा आहे हे विचारायचा हक्क मला आहे असं मी समजते.

तर फोटो निघतो कसा? साध्या सूक्ष्मदर्शकाला मर्यादा असते. प्रकाशाच्या लहरीपेक्षा फार बारीक गोष्ट प्रकाशाने दिसत नाही, हे जर्मनीच्या अर्न्स्ट अॅबे यांनी १८७३ मध्येच सांगून ठेवलं. ती मर्यादा साधारण २०० नॅनोमीटरची. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग आणि नॅनोमीटर म्हणजे मायक्रॉनचाही हजारावा. आपला केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड. याहून बारीक पाहायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो आणि नेहमीच्या यंत्रात नमुना निर्वात पोकळीत ठेवावा लागतो. तिथे ओली वस्तू चालत नाही. जेल तर बहुतांशी पाणीच! मग ते गोठवायचं आणि पोकळीत ठेवून बर्फाची सरळ वाफ करायची. त्यावर सोन्याचा पातळ थर चढवायचा आणि फोटो काढायचा.

गोची गोठवण्यात आहे. पाणी गोठताना त्याचे स्फटिक वाढतात आणि साखरेच्या माळांना बाजूला ढकलत, दाबत जातात. त्या माळा स्फटिकांच्या मधल्या फटीत भिंतीसारख्या चेपून बसतात. बर्फ गेला की राहतात खोल्या आणि भिंती. हळू गोठवलं तर मोठे स्फटिक, मोठ्या खोल्या. द्रव नायट्रोजनमध्ये, म्हणजे उणे १९६ अंशाला, झटकन गोठवलं तर लहान. घरच्या फ्रीजमध्ये हळूहळू जमलेल्या कुल्फीत बर्फाचे खडे दाताखाली येतात आणि बर्फ-मिठाच्या मडक्यातली मऊ लागते, तेच हे. म्हणजे एकाच जेलचे दोन तऱ्हेने गोठवून दोन आकडे मिळतात आणि दोन्ही आकडे खरे तर बर्फाचे असतात.

हे दाखवणारं एक चांगलं काम आपल्या पुण्यातच झालं आहे, म्हणून ते जरा सविस्तर सांगते. पुणे विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. तिथले डॉ. रमेश भोंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली 'जर्नल ऑफ कंट्रोल्ड रिलीज'मध्ये एक निबंध छापला. कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून निघणारी कायटोसान ही बहुशर्करा आणि पॉलिव्हिनाइल पायरॉलिडोन हे दुसरं द्रव्य एकत्र करून त्यांनी जेल बनवलं. उद्देश असा, की पोटातल्या आम्लात ते फुगावं आणि आतलं अँटिबायोटिक सोडावं. त्यांनी तेच जेल दोन प्रकारे वाळवलं. हवेत वाळवलेलं फोटोत सपाट, एकही भोक नाही. गोठवून वाळवलेलं सच्छिद्र, भोकांचा सरासरी व्यास ३९.२० मायक्रॉन, अधिक-उणे २.६६. आम्लात तीन तासांत गोठवून वाळवलेल्याने सुमारे ७३ टक्के अमॉक्सिसिलिन सोडलं, हवेत वाळवलेल्याने ३३ टक्के.

या निबंधात मला आवडलेली गोष्ट म्हणजे दोन्ही वाळवण्या शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. घटक तेच आणि एकात भोकं आहेत, दुसऱ्यात नाहीत. मग भोकं आली कुठून, हे वाचणाऱ्याला आपोआप कळतं. शिवाय तिथे वाळवलेला पापुद्राच औषध म्हणून वापरायचा होता, त्यामुळे वाळवलेल्याचा फोटो हा वापरायच्या वस्तूचाच फोटो होता. भोकं मुद्दाम पाडली, मोजली आणि त्यांचा परिणामही मोजून दाखवला. बर्फाचा साचा म्हणून उपयोग करणं हे आता एक तंत्रच झालं आहे आणि त्यात काही गैर नाही. पेशी १० ते २० मायक्रॉनच्या, त्यांना आत शिरायला मोठ्या खोल्या लागतातच. आपल्या शरीरात बहुतेक पेशी रक्ताच्या केशवाहिनीपासून १०० ते २०० मायक्रॉनच्या आत असतात, त्यापलीकडे प्राणवायू पुरेसा पोचत नाही. मांडवात वाटा हव्यात त्या यासाठी.

घोटाळा होतो तो वेगळ्या ठिकाणी. जेल ओलंच वापरायचं असतं, सुईने टोचायचं किंवा जखमेवर पसरायचं असतं, आणि फोटो मात्र वाळवलेल्याचा छापतात. ओल्या अल्जिनेटची खरी जाळी पाच-दहा-वीस नॅनोमीटरच्या घरातली असते. फोटोतली खोली ५० मायक्रॉनची. किती पट झाली? हजारो पट! वासराच्या मुसक्याची वीण आणि गोठ्याचं दार यांना एकच शब्द वापरल्यासारखं आहे. निबंधात दोन्हीला 'छिद्र'च म्हणतात. एका छिद्रातून पेशी जाईल, दुसऱ्यातून मोठं प्रथिनही अडखळेल. औषध किती वेगाने बाहेर येईल, पेशी आत चढतील की उपाशी मरतील, हे सगळं त्यावर अवलंबून. ही भाषेची गोष्ट आहे, म्हणून मराठीच्या बाईला खटकते. मी भाचीला म्हटलं, तू निदान 'जाळी' आणि 'खोली' असे दोन शब्द कर. इंग्रजीत तसे शब्द आहेत म्हणे, वापरायचा कंटाळा आहे.

आता मोजण्याकडे वळू. इथे मात्र भूगोल-गणिताच्या मास्तरणीला घरी आल्यासारखं वाटलं. आपण शाळेत आलेखकागदावर पिंपळाचं पान ठेवून कडेने रेघ मारायचो आणि आतले चौकोन मोजायचो. अर्ध्याहून जास्त चौकोन आत असेल तर एक धरा, कमी असेल तर सोडून द्या. संगणक हेच करतो. फोटो म्हणजे लाखो चौकोन, प्रत्येकाला काळेपणाचा एक आकडा, शून्य ते २५५. एक रेघ ठरवायची, तिच्या खालचे सगळे भोक, वरचे सगळे भिंत. ही रेघ कुठे मारायची याची एक रीत जपानच्या नोबुयुकी ओत्सू यांनी १९७९ मध्ये सांगितली, ती अजून चालते. इमेजजे नावाची प्रणाली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत वेन रासबँड यांनी १९९७ मध्ये बनवली, ती फुकट मिळते, आमच्या जुन्या संगणकावरही चालली. भाचीने तिचा फोटो उघडला आणि ती रेघेची खुंटी माझ्या हातात दिली. खुंटी जरा उजवीकडे नेली की भोकं वाढतात, डावीकडे नेली की भिंती जाड होतात. डोळ्यादेखत टक्केवारी बदलत गेली आणि कुठल्याच जागी मला चूक केल्यासारखं वाटलं नाही! भिंतीची सावली भोक की भिंत? खोलीच्या तळाशी दिसणारी पुढची भिंत कशात धरायची? आमच्या पिंपळपानाला निदान कड तरी होती.

हल्ली ही रेघ संगणक स्वतः शिकून मारतो. २०१५ मध्ये जर्मनीत यू-नेट नावाची रचना निघाली, तिच्या वंशातल्या प्रणाली पेशींच्या आणि जेलांच्या फोटोंवर वापरतात. वेगाने काम होतं आणि शंभर फोटोंना एकच नियम लागतो, हा मोठा फायदा. पण त्या प्रणालीलाही आधी कुणीतरी हाताने रेघा मारून शिकवलेलं असतं. वर्गातल्या हुशार मुलाची वही बघून उतरवलं की उत्तराबरोबर त्याची सवयही उतरते, हे पेपर तपासणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे.

आणखी एक गंमत. फोटो सपाट असतो, वस्तू खोल असते. क्षेत्रफळाच्या बाबतीत हे निभावतं. फ्रेंच भूशास्त्रज्ञ देलेस यांनी १८४७ मध्येच दाखवलं, की दगडाच्या कापात एखाद्या खनिजाने जेवढा हिस्सा व्यापला असेल, सरासरीने तेवढाच हिस्सा त्याने अख्ख्या दगडात व्यापलेला असतो. मात्र त्याला खरा सपाट काप लागतो, खोल खड्ड्यांचा फोटो चालत नाही. आणि व्यासाच्या बाबतीत तेवढंही निभावत नाही. आमच्या बाजारात कांद्याला तोटा नाही, तर कांदाच घ्या. न बघता कुठूनही आडवा कापा. जी चकती मिळेल ती क्वचितच कांद्याच्या पूर्ण रुंदीची असेल. गोल वस्तू अशा कुठेही कापल्या तर चकत्यांचा सरासरी व्यास खऱ्या व्यासाच्या सुमारे ७८.५ टक्के भरतो. खऱ्या १०० मायक्रॉनच्या गोल खोल्या कापात सरासरी ७८ च्या दिसणार. ही दुरुस्ती केली की नाही, हे निबंधात लिहायला एक ओळ लागते.

भाचीचं म्हणणंही ऐकून घेतलं पाहिजे. ती म्हणाली, "मावशी, हे सगळं आमच्यात सगळ्यांना माहीत असतं. फोटो तुलनेसाठी असतो. सगळे नमुने सारखेच गोठवले तर जास्त-कमी कळतं." मुद्दा बरोबर आहे आणि अर्धाच बरोबर आहे. दोन जेलांत पाण्याचं प्रमाण वेगळं असेल, गाठी कमीजास्त असतील, तर सारखंच गोठवूनही स्फटिक वेगळे वाढणार. मग तुलना जाळ्यांची झाली की बर्फांची? आणि 'आमच्यात सगळ्यांना माहीत असतं' हे मला मुळीच पटत नाही. निबंध फक्त आपल्यातल्यांनी वाचायचा असता तर छापायचं कशाला? तो नवा विद्यार्थी वाचतो, कंपनीचा माणूस वाचतो, त्यातला फोटो उचलून माहितीपत्रकात घालतो आणि तिथून तो माझ्यासारखीच्या हातात येतो. तोवर वाळवल्याची ओळ गळून गेलेली असते.

मी इथे लबाडीबद्दल बोलत नाही. लबाडी हा निराळा विषय. एलिझाबेथ बिक आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये २०,६२१ निबंधांतली चित्रं तपासली, ३.८ टक्के निबंधांत आक्षेपार्ह चित्रं सापडली आणि त्यातली निदान निम्मी मुद्दाम केल्यासारखी वाटली. ते पकडायला माणसं आहेत. मी म्हणते ते कुणी खोटं बोलत नसतानाही घडतं. फोटो सुंदर येतो, परीक्षकाला तो हवा असतो, मुलांना पदवी हवी असते. आपल्याकडे २००९ च्या नियमांनी प्रबंध देण्याआधी निबंध छापणं सक्तीचं होतं, २०२२ च्या नियमांत ती सक्ती काढली. सक्ती गेली, सवय कशी जाईल? दहा फोटो काढायचे आणि सर्वांत देखणा एक छापायचा, हीसुद्धा सवयच. स्नेहसंमेलनाच्या फोटोला ते शोभतं.

मग करावं काय? ओल्या वस्तूचा ओला फोटो काढायचे मार्ग आहेत. पाण्याला स्फटिक करायला वेळच दिला नाही तर ते काचेसारखं गोठतं. झाक ड्युबोशे यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हे साधलं आणि २०१७ मध्ये त्यांना दोघांसह नोबेल मिळालं. आयआयटी मुंबईचे डॉ. जयेश बेल्लारे अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात असताना त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये एक उपकरण मांडलं. गोठवण्याच्या क्षणापर्यंत नमुन्याभोवतीची उष्णता आणि दमटपणा त्यात हवा तसा राखता येतो, म्हणजे गोठण्याआधी नमुना वाळत नाही. आता आयआयटी मुंबईत गोठलेल्या स्थितीत पाहणारा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकही आहे. हा काही रामबाण नव्हे. जाड जेल आतपर्यंत तितक्या झटकन गोठत नाही, आत स्फटिक होतातच आणि खोटी जाळी तिथेही दिसू शकते. पण निदान सोबत ठेवायला दुसरा साक्षीदार मिळतो.

जाळी फोटोत दिसतच नसेल तर तिला चाळणीसारखं विचारता येतं. रवा कुठल्या चाळणीतून पडतो आणि कुठल्या चाळणीत अडतो यावरून चाळणीची भोकं कळतात, तसं. ठरावीक आकाराचे, चमकणारा रंग लावलेले रेणू जेलमध्ये सोडायचे आणि ते किती वेगाने पसरतात ते पाहायचं. जेल ओलंच राहतं, कापायला नको, वाळवायला नको. आणि या कामाला बहुधा कुठले रेणू वापरतात? डेक्स्ट्रानचे! शिळ्या उसाची तीच बुळबुळ, लहानमोठ्या मापांत वर्गवारी केलेली. मला तर हे ऐकून हसूच आलं.

भाचीने तिच्या प्रबंधात अशी एक मोजणी घालायचं ठरवलं आहे. वेळ जाईल, चार महिने तरी. तिची आई माझ्यावर रागावली आहे, "ताई, तू तिचं लग्न आणखी लांबवलंस" म्हणून. लांबू दे. जे जेल उद्या कुणाच्या तरी पायाला लावायचं आहे, त्याची जाळी चार महिने थांबून नीट मोजली तर काही बिघडत नाही. मोठ्या संस्थांना, नियतकालिकांना मी इथून काय सांगणार? पण प्रबंध तपासायला बसणाऱ्या प्राध्यापकांपैकी कुणी हे वाचत असेल तर एवढं करा. पोळ्यासारखा फोटो समोर आला की विद्यार्थ्याला विचारा, गोठवलं किती अंशाला? असे किती फोटो काढले आणि हाच का निवडला? मूळ फोटो आणि रेघ मारलेला फोटो, दोन्ही शेजारी दाखव पाहू. उत्तर लगेच आलं तर मुलगा-मुलगी स्वतः यंत्रावर बसलेली आहे असं समजायला हरकत नाही.

शाळेतल्या मास्तर-बाईंना एक सुचवते. हे शिकवायला सूक्ष्मदर्शक लागत नाही. सातवी-आठवीच्या वर्गात साधारण एकाच मापाचे वीस कांदे न्या. आधी प्रत्येकाची पूर्ण रुंदी मोजून फळ्यावर लिहा, मग मुलांना डोळे मिटून कुठेही आडवे कापायला लावा, चकत्या आलेखकागदावर ठेवून मोजा आणि सरासरी काढा. वीस कांद्यांत ती ७८ च्या जवळ येईलच असं नाही, थोडी इकडेतिकडे होईल, तेही मुलांना दिसू दे. दुसऱ्या दिवशी एकाच पानाचा फोटो चार गटांना द्या आणि प्रत्येकाला आपापली रेघ मारू द्या. चारांची उत्तरं चार येतील, भांडणंही होतील. भांडू द्या, पण कुणाचं उत्तर बरोबर ते लगेच सांगू नका. कांदे नंतर खिचडीत जातात, वाया काही जात नाही. सुऱ्या मात्र बोथट घ्या, आणि कापताना डोळे फक्त जागा ठरवेपर्यंतच मिटायचे आहेत, हे आधी दोनदा सांगा.